चौकात उभी असलेली ताई

ताई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी मी मोबाइलवर आमचा जुना गेम उघडला, तर ती चौकात उभी होती.

आधी वाटलं, तिच्यासारखं दुसरं कोणी असेल. त्या गेममध्ये प्रत्येकाला आपली एक बाहुली बनवता येते. उंची, रंग, नाक, केस, सगळं आपण ठरवायचं. पण ताईने तिची बाहुली फार हट्टाने स्वतःसारखी केली होती. रुंद कपाळ, एका खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, हनुवटीजवळ तीळ. तसा तीळ बाहुलीला देता येतो हेही मला तिच्यामुळेच कळलं होतं. मी माझी बाहुली चालवत जवळ नेली. डोक्यावर ताईनं तिथं घेतलेलं नाव होतं आणि नावाशेजारी हिरवा ठिपका पेटलेला होता. ठिपका पेटलेला असणं म्हणजे त्या घडीला कोणीतरी त्या नावाने गेम उघडून बसलेलं असणं.

तिच्या अंगावर गडद जांभळा, पायघोळ झगा होता. काठाला चंदेरी पानं. गेम उघडताना लागलेल्या जाहिरातीत मी तो नवीन आलेला म्हणून पाहिला होता. ताई जिवंत असताना तो झगा नव्हताच.

बाहेर अमरावतीच्या राजापेठेत क्लास सुटले होते, गाड्यांचे हॉर्न वाजत होते, खाली पोरं एकमेकांना नोट्स मागत होती. मी गॅलरीतून उठून आत आले आणि दार लावून घेतलं. का लावलं ते मला आजही सांगता येणार नाही.

ताई माझ्यापेक्षा मोठी. लग्नानंतर अकोल्याला गेली. तिथे एका दवाखान्यात नर्स होती आणि भाऊजी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मी अमरावतीत अकरावी-बारावीच्या मुलांना कॉमर्स शिकवते. कोरोनात जेव्हा सगळं बंद होतं आणि तिची मात्र ड्यूटी चालू होती, त्या काळात आम्हाला एकमेकींकडे जाता येत नव्हतं. तेव्हा तिनेच हा गेम शोधला. एक बेट, त्यावर शेतं, होड्यांच्या शर्यती, आणि मधोमध कारंजं असलेला मोठा चौक. आम्ही शर्यती क्वचितच खेळलो. तिची ड्यूटी सुटली की दोघी कारंज्याच्या कठड्यावर बसायचो आणि हेडफोन लावून घरच्या गोष्टी बोलायचो. पुढे सगळं सुरू झालं, पण आमची ही बैठक मोडली नाही.

गेम फुकट होता. पैसे लागायचे ते फक्त कपड्यांना, आणि त्या कपड्यांचा खेळात काडीचाही उपयोग नव्हता. महागडा झगा घातला म्हणून होडी जोरात पळत नसे. मी कधी रुपया घातला नाही. गेमने सुरुवातीला दिलेला पांढरा कुडता माझ्या बाहुलीच्या अंगावर शेवटपर्यंत राहिला. ताई मात्र लवकरच कपडे घ्यायला लागली. माझ्यातल्या मास्तरणीला ते पटत नसे. मी तिला म्हणायची की हे एकदा काढलेलं चित्र आहे, ते आणखी हजार बाहुल्यांना घातलं तरी कंपनीला शिलाई पडत नाही की कापड लागत नाही, मग तू किंमत कशाची देतेस?

"दिवसभर मी ज्या कपड्यात राहते ते मी निवडले काय वं?" ती म्हणाली होती. "इथं मी निवडते. अन् लोक पाहातात. पाहाचेच पैसे आहेत ते."

ते उत्तर मी पुढे वर्गात वापरलं. पुरवठा अमर्याद करता येईल अशी वस्तू मुद्दाम दुर्मीळ कशी ठेवतात, हे मुलांना त्या दुकानावरून चटकन समजायचं. प्रत्येक कपड्याखाली एक घड्याळ उलटं चाललेलं असायचं. ते संपलं की तो कपडा गेला, पुन्हा मिळेल याची खात्री नाही. पैसे थेट चालत नसत. आधी पैशांची नाणी घ्यायची, मग नाण्यांचा कपडा. नाण्यांचा गठ्ठा कपड्याच्या किमतीशी कधी जुळायचाच नाही, थोडी नाणी उरायची आणि ती उरलेली नाणी माणसाला परत दुकानात ओढायची. मुलं हसायची. ताईला सांगितलं तर तीही हसली आणि म्हणाली, मालूम आहे मले.

एका पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. दुसऱ्यांचे ताप उतरवत आयुष्य काढलेली बाई, तिने स्वतःचा ताप अंगावर काढला, आणि दवाखान्यात ठेवल्यावर तिथून परत आली नाही. ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यात बसलो होतो, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की तिला पांढरा रंग आवडत नसे.

आमच्या मोर्शीच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील होते तेव्हा कोणी आपल्या बायकोच्या अंगात येतं असं सांगायला आलं, तर ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि त्याला दवाखान्याचा पत्ता द्यायचे. त्या घरात वाढलेली मी, त्या संध्याकाळी चौकात ताईसमोर उभी राहिले आणि "कोण आहे?" एवढं टाइप करतानाही दोनदा चुकले.

उत्तर आलं नाही. मी वळसा घालून तिच्या चेहऱ्यासमोर गेले. ती पापण्या मिटत होती, उघडत होती, मधूनच थोडी हलत होती. कोणी चालवत नसेल तेव्हा सगळ्याच बाहुल्या तसं करतात. आजूबाजूला लोक थांबत होते. कोणी "सुंदर" लिहिलं. एका उंच बाहुलीने वाकून नमस्कार केला. मग हिरवा ठिपका विझला आणि ताईची जागा रिकामी झाली. जमलेले लोक मात्र त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून काही वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा आली. नंतर रोजच यायला लागली. कारंज्याजवळ यायची, उभी राहायची, कोणाशी बोलायची नाही आणि काही वेळाने जायची. अधूनमधून अंगावर नवे कपडे असायचे. एकदा हिरवा शालू वाटावा असा घोळदार पोशाख, एकदा पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद असलेला मोतिया अंगरखा. मला ती नव्या कपड्यात दिसू नये असं वाटायचं आणि तरी मी रोज जाऊन पाहायची. मी "ताई" असं लिहूनही पाहिलं. ते लिहिलेलं माझ्या बाहुलीच्या डोक्यावर थोडा वेळ दिसलं आणि पुसलं गेलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिला फोन केला. ताईचं नाव न घेता, ओळखीतल्या एका बाईंचं असं झालंय म्हणून विचारलं. तिला त्यात फारसं नवल वाटलं नाही. ती म्हणाली की जुनी खाती विकली जातात. जे कपडे दुकानातून कायमचे गेले ते ज्याच्या कपाटात आहेत, त्या खात्याला बाजारात मागणी असते. घरच्यांपैकी कोणी विकलं असेल, नाहीतर कोणी पासवर्ड शोधून आत शिरलं असेल.

"दुसरंच कोणीतरी त्यांची स्किन घालून फिरत असणार, मॅडम," ती म्हणाली.

तिच्या धंद्यात कपड्यांना स्किनच म्हणतात. माझ्या वर्गातली मुलंही तेच म्हणायची आणि तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र तो शब्द मराठीतच ऐकू यायला लागला. कोणीतरी ताईची कातडी घालून फिरतंय.

मी अकोल्याला गेले. भाऊजींवर संशय घ्यायला मन तयार नव्हतं, पण विचारायचं तर त्यांनाच. त्यांनी ऐकून घेतलं, उठून कपाटातून ताईचा मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला. तो रुमालात गुंडाळलेला होता आणि केव्हापासून बंद पडलेला होता. ती गेली त्या आठवड्यापासून आपण तो चार्ज केला नाही, असं ते म्हणाले. विकायचं असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून राहिलो. दिवे लागले तसा मी माझ्या मोबाइलवर गेम उघडला. ती आली.

भाऊजींनी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ पाहिलं. एकदा बोट लावून तिला जवळ आणली. मग मोबाइल पालथा करून टेबलावर ठेवला.

"ते अशी सरळ नोयती उभी राहात," ते म्हणाले. "एका पायावर भार राहे तिचा. दिवसभर उभं राहून राहून."

ते चहा ठेवायला आत गेले. भांड्याचा आवाज येत होता, आणि तिथूनच, जरा वेळाने, त्यांनी सांगितलं की ताईचा एक टॅबही होता. मोर्शीला गेली की त्यावर खेळायची. मग आईला व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून तिकडेच ठेवून आली होती. "तुमच्या आईजवळ असंन तो," ते म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मी मोर्शीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या संत्र्याच्या बागा उन्हाने मलूल झाल्या होत्या. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, वडिलांमागे त्या घरात एकटी राहते. पेन्शन आहे, विहारात जाणं आहे, दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणं आहे. तिला आडून काही विचारावं म्हणून मी दिवसभर शब्द जुळवत होते. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तिने मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, खाटेवर बसली, चष्मा चढवला आणि स्वतः शिवलेल्या पिशवीतून टॅब काढून मला म्हणाली, "ये, बस. तूबी असतेच ना तिथं. ते पांढऱ्या कुडत्यातली तूच ना?"

मी खाटेच्या कडेला बसले.

"मी ओळखलंच होतं. रोज येत होती अन् तिच्या तोंडापुढं उभी राहून पाहात होती. मले वाटे, हे पोट्टी काहून अशी पाहून राहिली. लिहाचं कसं ते मले येत नव्हतं, नाई तर बोलली असती."

इतके दिवस मी ज्या चेहऱ्यासमोर उभी राहून घाबरत होते, त्याच्या आतून आई माझ्याकडे पाहत होती.

ते कसं सुरू झालं हेही तिने सांगितलं. हिवाळ्यात एका दुपारी टॅब वाजला. पाहिलं तर पडद्यावर ताईची बाहुली समुद्रकाठी एकटी उभी होती आणि खाली लिहिलं होतं की बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, सगळे तुमची वाट पाहत आहेत, तुमच्यासाठी एक भेट ठेवली आहे. आईने टॅब झाकून ठेवला. दोन दिवसांनी तो पुन्हा वाजला. मग एकदा ताईच्या वाढदिवसाला सकाळीच वाजला. पडद्यावर फुगे उडत होते, ताईच्या नावाने शुभेच्छा होत्या, आणि आजच्या दिवसापुरता एक पोशाख निम्म्या किमतीत होता. जिनं जन्म दिला तिच्याआधी दुकानाने वाढदिवसाची आठवण काढली होती. आईने तो पोशाख घेतला. विजेचं बिल भरायला ताईनेच तिच्या टॅबवर पैशांची सोय करून दिली होती, ती वापरून.

मी हळूच म्हणाले की आई, ती तिथं नाहीये. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, वर्गात पाहायची तसं.

"ते नाही हे मले मालूम आहे. मी काही येडी नाही झाली," ती म्हणाली. "पण दिवाळीले लेकीले कपडा घ्याचा राह्यला माहा. इथं घेतला त् लोक पाहातात. कोणी चांगलं म्हणते. फोटोले कोण चांगलं म्हणते?"

तिने दुकान उघडून दाखवलं. मी माझा मोबाइल शेजारी ठेवला आणि तेच दुकान उघडलं. दोन्ही दुकानं एकसारखी नव्हती. माझ्याकडे टोप्या, रिबिनी, स्वस्तातल्या चपला, कंजूष गिऱ्हाइकाला दाखवतात तसला माल. आईकडे भरजरी, घोळदार, बंद गळ्याचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गडद रंगांचे. ताईला असले कपडे कधीच आवडले नव्हते. ती बिनबाह्यांचं, भडक पिवळं, निळं घ्यायची. दुकानाने ताईची आवड सोडून दिली होती. ते आता आईला ओळखायला लागलं होतं, आणि हाक मात्र ताईच्या नावाने मारत होतं.

मी आईला थांबवलं नाही. पेन्शन तिची होती, ती हिशेबी बाई होती, आणि खरं सांगायचं तर मलाही आता दिवेलागणीला तिकडे जावंसं वाटायचं. तिला मी लिहायला शिकवलं. ती फार लिहीत नसे. अमरावतीत मी पेपर तपासत बसलेली असायची आणि मोबाइलवर ताईचं नाव उमटायचं. खाली लिहिलेलं असायचं, "जेवली काय?" लिहिणारी आई आहे हे मला ठाऊक होतं. तरीही दर वेळी ते नाव उमटलं की मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. मी "जेवले" असं लिहायची आणि ताईच्या नावाखाली "बरं" असं यायचं.

दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू होता. त्यासाठी ती अमरावतीला माझ्याकडे आली. टॅब सोबत आणला होता, पण डॉक्टरांनी काही दिवस पडद्याकडे पाहायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तो बंद करून तिच्या पिशवीत, कपड्यांखाली ठेवला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई काळा चष्मा लावून पलंगावर पडली होती. मी खिचडी टाकली आणि कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहत सवयीने गेम उघडला.

ताई कारंज्याजवळ उभी होती. जांभळा झगा घातलेला होता.

मी पिशवी उघडून टॅब पाहिला. तो बंद होता, हाताला गार लागत होता. परत मोबाइलकडे पाहिलं. ताईच्या नावाशेजारी हिरवा ठिपका नव्हता. म्हणजे त्या नावाने कोणी आत नव्हतं. आणि ती तिथे होती. मी माझी बाहुली पुढे नेली तशी तिने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून हलवला. आईला हात हलवता येत नव्हता. ते कुठलं बटण असतं हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं.

पलंगावरून आईने विचारलं, "कोण आहे तिथं?"

कोणी नाही, मी म्हणाले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकले.

सकाळी पुण्याच्या विद्यार्थिनीला पुन्हा फोन केला आणि या वेळी सगळं खरं सांगितलं. तिने चौकशी करून संध्याकाळी फोन केला. तिचा आवाज जरा उतरला होता. ती म्हणाली की हे बऱ्याच ठिकाणी करतात. चौक रिकामा दिसला तर आलेला माणूस निघून जातो. बघायला कोणी नसेल तर नवे कपडे कोण घेणार? म्हणून ज्यांच्या अंगावर महागाचे कपडे आहेत अशांच्या बाहुल्या, मालक नसतानाही, चौकात उभ्या ठेवतात. ओळखीचं माणूस आलं तर त्यांना हात करायला लावतात. ओळखीच्यांच्या अंगावर पाहिलेला कपडा जास्त खपतो. सुरुवातीला आपण ज्या अटींवर न वाचता होकार देतो, त्यात याची परवानगी असते.

"मेलेल्यांच्यासुद्धा?" मी विचारलं.

"कोण गेलं ते त्यांना कळतच नाही, मॅडम. कोणीतरी रोज उघडतंय आणि घेतंय, एवढंच दिसतं."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, यापेक्षा भूत परवडलं असतं. भूत निदान स्वतःच्या मर्जीने आलेलं असतं.

आईचा काळा चष्मा निघाल्यावर मी तिला हे सांगितलं. मधेच न तोडता तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, म्हणजे साडीच्या दुकानाबाहेर पुतळी उभी करतात, तशी? मी म्हणाले, तशीच. ती खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. खाली राजापेठेतल्या दुकानांची शटरं उघडत होती. नोकर पुतळ्या उचलून फूटपाथवर आणून मांडत होते, त्यांच्या पदराच्या निऱ्या नीट करत होते. रोजचंच दृश्य होतं. त्या दिवशी मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"माही पोट्टी दुकानाच्या दारात उभी नाई राहणार," आई म्हणाली.

तिने टॅब मागून घेतला. घेतलेले सगळे कपडे एकेक करून उतरवले. मी सांगितलं की एका बटणात होतं, तरी तिने एकेकच उतरवले, नाजूक काही काढून ठेवावं तसे. शेवटी ताईच्या अंगावर माझ्यासारखाच पांढरा कुडता राहिला, जो सगळ्यांना फुकट मिळतो. मग आईने तिला चौकातून चालवत समुद्राकडे नेलं. तिथे प्रत्येकाचं एक छोटं घर असतं, आणि आपण दार उघडल्याशिवाय त्यात कोणाला येता येत नाही. आईला नीट चालवता येत नव्हतं. ताई मधेच झाडाला अडकली, एकदा पाण्यात गेली, परत आली. घरात पोचल्यावर आईने दार लावलं.

त्यानंतर मी चौकात जाऊन पाहिलं. ताई दिसली नाही. पांढऱ्या कुडत्यातली बाहुली पाहून कोण काय विकत घेणार होतं? पण त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच इतरांच्या नावाशेजारी पाहत फिरले. कारंज्याभोवती नेहमीसारखी गर्दी होती. झगमगते कपडे, पंख, मुकुट. एकेकासमोर जाऊन मी ठिपका शोधत होते. इथे नाही. इथेही नाही. "सुंदर" लिहिणारी ती बाहुली सापडली, तिच्या नावाशेजारी ठिपका नव्हता. वाकून नमस्कार करणाऱ्या उंच बाहुलीच्याही नव्हता. आई ज्यांनी चांगलं म्हटलं म्हणून सुखावत होती, त्यातले किती जण खरोखर तिथे होते कोण जाणे. मी चौकाच्या मधोमध उभी राहिले. सगळ्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. हे मी आईला सांगितलं नाही.

थंडीत भाऊजी मोर्शीला आले. येताना तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. मीही गेले होते. आईने शेंगा उकडल्या, आम्ही अंगणात बसून खाल्ल्या. जिनिंगच्या हंगामाबद्दल, आईच्या डोळ्याबद्दल बोलणं झालं. ऊन उतरल्यावर भाऊजी म्हणाले की मला एकदा दाखवा. आईने काही न विचारता टॅब आणून त्यांच्या हातात दिला.

खोलीत ताई उभी होती. पांढरा कुडता, मागे खिडकी, खिडकीत समुद्र. भाऊजींनी पाहिलं. मी खातं बंद करता येतं असं सांगितलं. आधी गेम पुन्हा पुन्हा विचारतो, मग काही दिवस थांबतो, तेवढ्यात परत आलं नाही तर सगळं पुसून टाकतो. आई माझ्याकडे न पाहता शेंगांची टरफलं गोळा करत राहिली.

"राहू द्या," भाऊजी म्हणाले. "घरात आहे त् राहू द्या."

तेवढ्यात टॅबमधून एक आवाज आला. लाकडावर बोटं वाजवावीत तसा. मी वाकून पाहिलं. घराच्या बंद दाराबाहेर कोणीतरी आलं होतं आणि आत येऊ देण्याची विनंती करत होतं. नाव आम्हा कोणाच्याच ओळखीचं नव्हतं. नावाशेजारी ठिपका आहे की नाही ते दाराआडून दिसत नव्हतं.

"उघडू नका," आई म्हणाली.

भाऊजींनी बोट मागे घेतलं. आम्ही तिघं ऐकत बसलो. काही वेळ वाजत राहिलं, मग थांबलं. आईने टॅब घेतला, बंद केला आणि पिशवीत घातला. भाऊजींना शेवटची गाडी गाठायची होती. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्त्याने आम्ही तुरीच्या भावाबद्दल बोलत होतो.